सदर्न रोडवेज: मदुराईच्या एका घराण्याची बससेवा आणि तिचा पसारा

टीव्हीएस हे नाव महाराष्ट्रात मोपेडमुळे घरोघरी पोहोचले. या नावामागच्या घराण्याचा मूळ धंदा मात्र दुचाकींचा नव्हता, प्रवासी बसगाड्यांचा होता. तिरुक्कुरुंगुडी वेंगारम सुंदरम अय्यंगार यांनी १९११ मध्ये मदुराईत व्यवसायाचा पाया घातला, १९१२ मध्ये बससेवा सुरू केली आणि पुढे ‘सदर्न रोडवेज’ या नावाने त्यांच्या गाड्या तमिळ मुलखाच्या दक्षिण भागात धावू लागल्या. जवळजवळ साठ वर्षे ही सेवा एकाच घराण्याच्या हाती होती. १९७२ च्या सुमारास सरकारने ती ताब्यात घेतली, तोवर तिच्या भोवती टायरची दुरुस्ती, सुट्या भागांची विक्री, गाड्यांसाठी कर्ज, विमा, चाके, ब्रेक असा मोठा प्रपंच उभा राहिला होता. त्यातले जवळपास प्रत्येक काम आधी बसच्या डेपोची गरज म्हणून घराण्याच्या नजरेस पडले आणि नंतर स्वतंत्र धंदा झाले. म्हणून या घराण्याचा इतिहास कारखान्यांपासून सांगायला घेतला तर उलटा पडतो; तो डेपोपासून सांगावा लागतो.

सुंदरम अय्यंगार यांचा जन्म १८७७ चा, तिरुनेलवेली जिल्ह्यातला. वडिलांच्या आग्रहाखातर ते वकिलीकडे वळले, मग रेल्वेत नोकरी केली, पुढे बँकेत. तिशी उलटून गेल्यावर ठरल्या पगाराची नोकरी सोडून धंद्यात उडी घेणे हे त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबात सहज खपणारे नव्हते, आणि धंदाही असा की ज्यात हात काळे होणार. रेल्वेतल्या नोकरीचा त्यांच्या पुढच्या कारभाराशी संबंध असावा. ज्या माणसाने गाडी ठरल्या मिनिटाला सुटते हे आतून पाहिले आहे, त्याला बसलाही वेळापत्रक लावण्याचा हट्ट धरावासा वाटणे स्वाभाविक आहे. त्या काळी मोटारगाडी भरली की सुटे, आणि बिघडली की थांबे.

मदुराई हे अशा धंद्याला सोयीचे गाव होते. मीनाक्षी मंदिरामुळे यात्रेकरूंचा राबता बारमाही, सूतगिरण्यांमुळे मजूर आणि व्यापारी यांची ये-जा. रेल्वे मदुराईला १८७० च्या दशकातच आली होती, पण ती उत्तर-दक्षिण रुळावरची गावे जोडून पुढे निघून गेली. पूर्वेकडचा मोठा टापू तिच्या वाटेत नव्हता. पुदुक्कोट्टै संस्थानात रेल्वे पोहोचली ती १९२९ मध्ये. त्याच्या दक्षिणेला चेट्टिनाड, म्हणजे कारैक्कुडी, देवकोट्टै आणि आसपासची गावे. इथले नाट्टुक्कोट्टै चेट्टियार ब्रह्मदेश, सिलोन आणि मलायात सावकारी करणारे, पैसा मुबलक आणि घरे वाड्यांसारखी. पण गावी परतायचे तर शेवटचा टप्पा बैलगाडीने. ज्या मुलखात पैसा आहे आणि रूळ नाहीत, तिथे बस चालते, हे गणित देशभर अनेकांना सुचले. मदुराईत ते टिकवून दाखवले गेले.

टिकवणे हीच अडचण होती. रस्ते खडीचे, पावसाळ्यात चिखलाचे. जागोजागी टोलनाके, मद्रास इलाख्यात ते १९३१ च्या मोटार वाहन कर कायद्याने उठेपर्यंत कायम होते. ट्रकच्या सांगाड्यावर गावच्या सुताराकडून लाकडी बॉडी ठोकून घ्यायची, आत आडव्या फळ्या टाकायच्या, टपावर सामान आणि कोंबड्यांच्या डालग्या चढवायच्या, अशी तेव्हाची बस. एकेका माणसाच्या मालकीच्या एक-दोन गाड्या. मालक स्वतःच ड्रायव्हर, भाऊ किंवा मेहुणा कंडक्टर. महाराष्ट्रात एसटी येण्याआधी ज्यांना लोक ‘सर्व्हिस मोटार’ म्हणत, त्यांची अवस्था याहून फारशी वेगळी नव्हती. या गर्दीत एखाद्या कंपनीला वेगळे व्हायचे तर भाडे कमी करून भागत नसे. भाडे कमी करायला शेजारचा मालक नेहमीच तयार असे.

टीव्हीएसच्या गाड्या वेगळ्या ठरल्या त्या वेळेमुळे. या बस पाहून लोक घड्याळ लावत, असे मदुराईकडे आजही सांगितले जाते. अशा आख्यायिका जगभरच्या रेल्वेंबद्दलही ऐकायला मिळतात, तेव्हा तिच्यावर अक्षरशः विश्वास ठेवायचे कारण नाही. पण ती याच कंपनीला चिकटली, इतर शेकडो मालकांना नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी आहे. रस्त्यावर बैलांच्या आणि घोड्यांच्या नालांचे खिळे पडत आणि ते बसच्या टायरमध्ये घुसत. एक पंक्चर म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचा खोळंबा: जॅक लावा, चाक उतरवा, ट्यूब काढा, ठिगळ लावा, हातपंपाने हवा भरा. यावर कंपनीने उपाय काढला तो गाडीला मोठे लोहचुंबक लावून रस्ते फिरवण्याचा. चुंबक जमिनीलगत धरलेले, गाडी संथ चाललेली, खिळे आपोआप वर उचलले जाणारे. रस्ता सरकारचा, खिळे दुसऱ्याच्या बैलांचे, झाडून काढणार मात्र बसवाला. टायरचा खर्च आणि चुकलेल्या फेऱ्यांचा हिशेब मांडल्यावर हेच स्वस्त पडत असणार.

वेळ पाळण्याचा हट्ट धरला की त्यामागोमाग इतर गोष्टी धरणे भागच पडते. गाडी वाटेत बंद पडू द्यायची नाही, म्हणजे बिघडण्याची वाट न पाहता ठरावीक धावेनंतर ती उघडून पाहिली पाहिजे. त्यासाठी शिकलेले मेकॅनिक हवेत आणि एक जास्तीची गाडी डेपोत उभी हवी. सुटा भाग मद्रासहून किंवा विलायतेहून येईपर्यंत थांबता येत नाही, म्हणजे स्वतःचे भांडार हवे. भांडारात माल आहे म्हटल्यावर इतर मालक तो मागायला येणारच. पुढच्या काळात टीव्हीएसच्या छत्राखाली मोटारींची विक्री करणारी सुंदरम मोटर्स, सुट्या भागांची आणि गाड्यांची विक्री-दुरुस्ती करणारी मद्रास ऑटो सर्व्हिस आणि रबराचे काम व टायरची पुनर्बांधणी करणारे कारखाने उभे राहिले. सुंदरम मोटर्स ही १९५० च्या दशकात जनरल मोटर्सच्या देशातल्या सर्वांत मोठ्या वितरकांपैकी एक होती. बस चालवणारा माणूस बस विकणाराही झाला, कारण कोणती गाडी कुठल्या रस्त्यावर किती टिकते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

१९३० च्या दशकात सरकारचा हात या धंद्यापर्यंत पोहोचला. मोटारींमुळे रेल्वेचे उत्पन्न घटते आहे ही ओरड देशभर होती. मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी त्याची पाहणी करून १९३३ मध्ये अहवाल दिला, आणि त्या विचारमंथनातून पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याआधीचा १९१४ चा कायदा प्रामुख्याने नोंदणी आणि लायसन्स यांपुरता होता. नव्या कायद्याने प्रादेशिक परिवहन प्राधिकरण नेमले, आणि कुठल्या मार्गावर कोणाची बस किती फेऱ्या करील हे परमिटने ठरू लागले. धंद्याचा अर्थच बदलला. आजवर गाडी ही मालमत्ता होती. आता परमिट ही खरी मालमत्ता झाली. ज्यांच्या गाड्या आधीपासून नियमित धावत होत्या, ज्यांच्याकडे वेळापत्रक, हिशेब आणि कागद होते, त्यांना परमिट मिळवणे आणि राखणे सोपे गेले. शिस्तीचे हे फळ होते यात शंका नाही, पण त्याचबरोबर कायद्याने मोठ्यांना कुंपण घालून दिले हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य केल्याशिवाय सदर्न रोडवेजची भरभराट नीट कळत नाही.

मग युद्ध आले आणि पेट्रोल शिधापत्रिकेवर गेले. १९४२ नंतर ब्रह्मदेशातून येणारे तेलही थांबले. गाड्या बंद ठेवायच्या किंवा दुसरे इंधन शोधायचे, एवढेच दोन मार्ग उरले. सुंदरम अय्यंगार यांनी ‘टीव्हीएस गॅस प्लांट’ तयार करून घेतला. कोळशावर चालणाऱ्या अशा गाड्या त्या काळी महाराष्ट्रातही धावल्या आणि जुन्या माणसांच्या आठवणीत त्या पक्क्या बसल्या, कारण त्यांचा त्रास विसरण्यासारखा नव्हता. बसच्या मागे किंवा कडेला लोखंडी उभे पिंप बसवलेले असे. त्यात लोणारी कोळसा भरून खालून पेटवायचा आणि हवा मोजकीच आत सोडायची. पुरेशी हवा न मिळाल्याने कोळसा पूर्ण जळत नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू निघतो. तो राखेसकट गरम असतो, म्हणून आधी थंड करायचा, मग गाळायचा, आणि हवेत मिसळून इंजिनात सोडायचा. सकाळची पहिली फेरी सुटण्याआधी क्लीनरला पंखा फिरवत विस्तव फुलवावा लागे. इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटे. चढ आला की उतारूंना खाली उतरवून गाडी रिकामी वर न्यायची पाळी येई. गाळणी नीट साफ केली नाही तर राख सिलिंडरमध्ये जाऊन ते झिजत. शिवाय हा वायू विषारी, त्यामुळे नळीचा सांधा सैल राहिला तर ड्रायव्हरच्या जिवावर बेतणारा. अशा यंत्रावर वेळापत्रक सांभाळणे म्हणजे कार्यशाळेची खरी परीक्षा होती. ज्या कंपनीकडे चांगली कार्यशाळा होती ती यातून तरली, आणि हे यंत्र इतरांनाही पुरवू शकली.

सुंदरम अय्यंगार १९५५ मध्ये कोडैकनालला वारले. त्यांची मुले त्याआधीच कारभारात मुरली होती. टी. एस. राजम, टी. एस. संथानम, टी. एस. श्रीनिवासन आणि टी. एस. कृष्णा या चौघा भावांनी पसारा पुढे नेला. मालकी एकत्र, पण प्रत्येकाने आपापले क्षेत्र धरायचे आणि दुसऱ्याच्या क्षेत्रात ढवळाढवळ करायची नाही, अशी ही व्यवस्था होती. एकत्र कुटुंबात भांडण टाळण्याची ही जुनीच युक्ती. इथे ती कंपन्यांना लावली गेली. त्यांची बहीण सौंदरम हिची वाट निराळी होती. तरुणपणी विधवा झाल्यावर ती दिल्लीत डॉक्टर झाली, १९४० मध्ये घरच्यांचा विरोध असताना गांधीजींचे सहकारी जी. रामचंद्रन यांच्याशी तिने पुनर्विवाह केला आणि १९४७ मध्ये दिंडिगुलजवळ पतीबरोबर गांधीग्राम ही संस्था उभारली. पुढे ती लोकसभेवर निवडून गेली आणि केंद्रात उपमंत्री झाली. घराण्याच्या इतिहासात तिचे नाव बहुधा तळटिपेत येते. ते मजकुरात यायला हवे.

१९५० च्या दशकात धंद्याची दिशा दोन कारणांनी बदलली. पहिले कारण परकीय मोटारींचे. नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना भारतात जागा नाही, गाडी इथेच बनवायची तर राहा, असे सरकारी धोरण १९५३ मध्ये ठरले. जनरल मोटर्सने पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळला. जिच्या गाड्या विकून मोठे उत्पन्न मिळत होते ती कंपनीच निघून गेली. दुसरे कारण आयातीवरची बंधने. भांडारात भरायचे सुटे भाग बाहेरून आणणे कठीण होत गेले. मग जे विकत होतो ते स्वतः बनवावे, हा विचार आपसूक पुढे आला. ब्रिटिश कंपन्यांशी भागीदारी करून एकामागून एक कारखाने निघाले: १९६० मध्ये चाकांसाठी व्हील्स इंडिया, १९६१ मध्ये विजेच्या भागांसाठी लुकास-टीव्हीएस, १९६२ मध्ये ब्रेक्स इंडिया आणि त्याच वर्षी हवेवर चालणाऱ्या ब्रेकसाठी सुंदरम-क्लेटन. नट-बोल्ट बनवणारी सुंदरम फासनर्स १९६६ ची. ही यादी वाचताना बसचा सांगाडाच डोळ्यांपुढे येतो, आणि ते योगायोगाने नाही.

पैशाच्या बाजूलाही हेच घडले. १९३९ च्या कायद्यातली तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती १९४६ मध्ये अमलात आली आणि मोटार विम्याला बाजार मिळाला. घराण्याचा या क्षेत्रात मद्रास मोटर अँड जनरल इन्शुरन्स या कंपनीद्वारे शिरकाव झाला. त्याच कंपनीच्या आधाराने १९५४ मध्ये टी. एस. संथानम यांच्या नेतृत्वाखाली सुंदरम फायनान्स स्थापन झाली, अवघ्या दोन लाख रुपयांच्या भांडवलावर. त्या काळी बँका ट्रक किंवा बस घेणाऱ्याला दारातही उभे करत नसत. एक गाडी, तीही हप्त्याने, आणि परतफेड रोजच्या भाड्यातून, असे गिऱ्हाईक बँकेच्या चौकटीत बसत नव्हते. ज्या घराण्याने आयुष्यभर एका बसचे रोजचे उत्पन्न, डिझेल, टायर आणि ड्रायव्हरचा पगार यांचा हिशेब केला, त्याला मात्र हा माणूस हप्ता फेडू शकेल की नाही हे कागद न पाहताही कळत असे. दक्षिणेतल्या ट्रकमालकांची एक पिढी अशा हप्त्यांवर उभी राहिली. टीव्हीएसच्या सगळ्या जोडधंद्यांत हाच सर्वांत बुद्धीचा, असे म्हणायला हरकत नाही.

राष्ट्रीयीकरणाचे वारे दरम्यान जोरात वाहू लागले होते. मद्रास शहरातली बससेवा सरकारने १९४७ मध्येच हाती घेतली होती. मुंबई इलाख्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि त्यानंतर एकेक मार्ग खासगी मालकांकडून काढून घेतला गेला. १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा आणि १९५६ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेले नवे प्रकरण यांनी राज्यांना खासगी परमिटे हटवण्याचा रस्ता मोकळा करून दिला. मद्रास राज्यात मात्र काँग्रेसच्या काळात ग्रामीण आणि जिल्ह्याच्या बस मोठ्या प्रमाणावर खासगीच राहिल्या. १९६७ मध्ये द्रमुक सत्तेवर आल्यावर चित्र पालटले. आधी लांब पल्ल्याच्या मार्गांवर घाला पडला. मग १९७१ मध्ये मोठ्या ताफ्याच्या मालकांकडून गाड्या ताब्यात घेण्याचा कायदा आला. लहान मालकांना त्याने हात लावला नाही.

हा निर्णय राजकीयदृष्ट्या हिशेबी होता. मोठी घराणी मोजकी, लहान मालक हजारो आणि गावोगाव वजन असलेले. मोठ्या घराण्यांच्या गाड्या घेऊन राजा-राजवंशांच्या नावांची महामंडळे काढली गेली. पोळ्ळाचीच्या अनामलाई बस ट्रान्सपोर्टच्या गाड्यांवर कोइंबतूरचे चेरन महामंडळ उभे राहिले, कुंभकोणमच्या रामन अँड रामनच्या गाड्यांवर चोळन, आणि मदुराईच्या टीव्हीएसच्या गाड्यांवर पांडियन रोडवेज. म्हणजे सरकारी सेवा कोऱ्या पाटीवर सुरू झाली नाही. तिला गाड्या मिळाल्या, डेपो मिळाले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर्षानुवर्षे तयार झालेले ड्रायव्हर, कंडक्टर आणि मेकॅनिक मिळाले. तमिळनाडूच्या सरकारी बससेवेचे पुढे देशभर कौतुक झाले. त्यातला बराचसा वाटा या वारशाचा आहे, हे सरकारी अहवालांतून फारसे उमटत नाही.

महाराष्ट्राशी तुलना केली तर फरक ठळक दिसतो. इथे टप्पेवाहतूक जवळजवळ पूर्णपणे एसटीकडे गेली आणि खासगी घराणी परतली ती कंत्राटी परवान्याच्या आडवाटेने, रात्रीच्या ‘ट्रॅव्हल्स’ म्हणून. तमिळनाडूत लहान खासगी मालकाची रंगीबेरंगी बस आजही सरकारी बसच्या पाठोपाठ त्याच थांब्यावर उभी राहते, तिकीट फाडते आणि पुढच्या गावाला निघते. नाहीशी झाली ती मधली पायरी: शेकडो गाड्या असलेली, स्वतःची कार्यशाळा आणि प्रशिक्षण असलेली, एका प्रदेशाला बांधलेली घराण्याची कंपनी. एकाधिकार मोडायचा म्हणून हे केले, हे कारण पोकळ नव्हते. पण मोठ्या खासगी सेवेची जागा त्या त्या भागात एकाच सरकारी महामंडळाने घेतली.

गाड्या गेल्या त्याच सुमारास विमाही गेला: सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून लागू झाले. दोन हक्काचे धंदे पाठोपाठ हातचे गेल्यावर एखादे घराणे कोलमडले असते. टीव्हीएस सावरले, कारण तोवर त्याचा भार बसवरून उतरून कारखान्यांवर आणि वित्तव्यवसायावर गेला होता. मालवाहतूक आणि पार्सलसेवा सरकारने घेतली नव्हती. ती घराण्याकडे राहिली. १९८० मध्ये होसूरच्या कारखान्यातून टीव्हीएस ५० ही मोपेड बाहेर पडली. १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनला दर्जाव्यवस्थापनासाठीचे जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. भारतीय कंपनीला मिळालेले ते पहिलेच.

महामंडळांची राजांच्या आणि पुढाऱ्यांच्या नावांची प्रथाही फार टिकली नाही. नावांवरून जातीय संघर्ष पेटल्यावर १९९७ मध्ये सरकारने ती सगळी नावे काढून टाकली आणि जिल्ह्यांतल्या महामंडळांना तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळ हे एकच नाव दिले. पांडियन रोडवेज हे नाव तेव्हा पुसले गेले. टीव्हीएस घराण्याच्या शाखांनी २०२० च्या डिसेंबरमध्ये आपसांत समझोता केला आणि २०२२ मध्ये तो अमलात येऊन सामाईक मालकी संपली. ज्या शाखेने जो उद्योग चालवला तो तिच्या नावावर झाला. चाके, ब्रेक, नट-बोल्ट, मोटारसायकली, कर्जव्यवसाय यांची वाटणी झाली. प्रवासी बस मात्र कोणाच्याच वाट्याला आली नाही. ती पन्नास वर्षांपूर्वीच सरकारजमा झाली होती.